ठाणे-नवी मुंबईतून भाषाविज्ञान शिकायचे आहे? बारावीपासून एम.ए.पर्यंतच्या पायऱ्या, त्यांच्या क्रमाने

दर जूनमध्ये, तृतीय वर्षाचा निकाल हातात आला की ठाणे, ऐरोली, नेरूळ अशा ठिकाणांहून मुलेमुली विचारायला येतात, "सर, भाषाविज्ञानात एम.ए. करायचे आहे, आता फॉर्म कुठे भरू?" तोवर दिल्लीच्या विद्यापीठांची प्रवेशपरीक्षा होऊन दोन-तीन महिने उलटलेले असतात. विषयाचे एकही पुस्तक उघडलेले नसते आणि पदवीच्या तीन वर्षांत जे सहज करता आले असते ते राहून गेलेले असते. यांतली बहुतेक मुले हुशार असतात, फक्त त्यांनी शेवटची पायरी आधी धरलेली असते. म्हणून हा लेख क्रम धरून लिहिला आहे. ज्याने जिथे असेल तिथून तो पकडावा, मात्र पहिली पायरी कोणीही गाळू नये.

पायरी १: हाच विषय हवा आहे का, याची घरच्या घरी परीक्षा

भाषाविज्ञान म्हणजे अनेक भाषा बोलता येणे नव्हे, साहित्याचा रसास्वाद नव्हे आणि शुद्धलेखन तपासणे तर मुळीच नव्हे. लोक प्रत्यक्षात जे बोलतात त्यामागचे नियम शोधणे, ते काटेकोर शब्दांत मांडणे आणि मग आपलाच नियम मोडून पाहणे, हे या विषयाचे रोजचे काम आहे. ते आवडते की नाही हे पुढील उदाहरणावर अर्ध्या तासात कळते.

"ताजा, ताजी, ताजे" आणि "माझा, माझी, माझे" हे शब्द मोठ्याने, सावकाश म्हणा. "ताजा" म्हणताना जीभ वरच्या दातांच्या मागे टेकते. "ताजी" आणि "ताजे" म्हणताना ती मागे, टाळूकडे सरकते. अक्षर एकच, पण ध्वनी दोन आहेत. आता वहीत नियम लिहा: पुढे इ किंवा ए आला तर तालव्य उच्चार, एरवी दंततालव्य. पाच-सहा शब्दांवर तो चालतो आणि विद्यार्थी खूश होतो. मग "जग" हा शब्द दोन प्रकारे वापरून पाहा: "जग सुंदर आहे" आणि "तू आनंदाने जग". दोन्हीकडे ज नंतर अ आहे, तरी उच्चार वेगळे आहेत, आणि त्या उच्चारानेच अर्थ बदलतो. लिहिलेला नियम कोसळला. पुढे "चार" आणि "चारा" हे शब्द बघा, "जात" हा शब्द "जातपात" मध्ये आणि "तो गावाला जात आहे" मध्ये म्हणून बघा. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द कोणते आणि मराठीत घडत आलेले कोणते, असा प्रश्न मग आपोआप पडतो.

हा नियम कोसळल्यावर पुन्हा वही उघडावीशी वाटली तर विषय तुमचा आहे. कंटाळा आला तर त्यात कमीपणा काहीच नाही. अनुवाद, पत्रकारिता, परभाषा-शिक्षण अशा वाटा मोकळ्या आहेत आणि दोन वर्षे वाचतात.

तपासून पाहा: अशी आणखी कोडी हवी असतील तर आंतरराष्ट्रीय भाषाविज्ञान ऑलिम्पियाडचे जुने प्रश्न जालावर मोफत मिळतात. ही स्पर्धा शालेय विद्यार्थ्यांसाठी २००३ पासून दरवर्षी होते, २०१६ साली ती म्हैसूरला झाली होती. भारतात त्यासाठीची निवड पाणिनी भाषाविज्ञान ऑलिम्पियाडमधून होते, म्हणजे अकरावी-बारावीच्या मुलांना तिथे उतरताही येते. प्रश्न सोडवताना उत्तरापेक्षा आपण तिथवर कसे पोहोचलो ते लिहून काढा.

पायरी २: बारावी आणि पदवीची निवड

बारावीची शाखा कोणतीही चालते. कला शाखेत तर्कशास्त्र मिळत असेल तर घ्यावे, कारण पुढे अर्थविचारात, म्हणजे शब्द-वाक्यांच्या अर्थाच्या अभ्यासात, तेच उपयोगी पडते. विज्ञान शाखेच्या ज्या विद्यार्थ्यांना संगणकाकडे जायचे आहे त्यांनी हैदराबादच्या आय.आय.आय.टी.चा संगणकीय भाषाविज्ञानाचा जोड अभ्यासक्रम बारावीतच पाहून ठेवावा, कारण तिथला प्रवेश बारावीनंतरचा आहे.

आपल्या भागात बारावीनंतर थेट भाषाविज्ञानाची पदवी सहजासहजी मिळत नाही. इथे पालक घाबरतात आणि मुलीला "त्यातल्या त्यात जवळचे" म्हणून परकीय भाषेच्या पदविकेला घालतात. तसे करू नये. एम.ए.ला बहुतेक ठिकाणी कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो, तेव्हा पदवी अशी निवडावी की विषयाची एखादी बाजू पक्की होईल. मराठी किंवा संस्कृत घेतल्यास व्याकरणाचा पाया मिळतो आणि अभ्यासक्रमात भाषाविज्ञानाचे घटकही येतात. इंग्रजी घेतल्यास पुढची पुस्तके वाचणे सोपे जाते. मानसशास्त्र, समाजशास्त्र, गणित आणि संगणकशास्त्र यांपैकी प्रत्येकातून विषयाची एक शाखा फुटते. माझे मत विचाराल तर मराठी मुख्य विषय आणि मानसशास्त्र किंवा संगणक दुय्यम विषय ही जोडी सर्वांत उपयोगी आहे, पण ती आपल्या महाविद्यालयात मिळते का हे माहितीपुस्तिका वाचून प्रवेशापूर्वी विचारावे. ठाणे-वाशी लोकलमुळे खाडीच्या दोन्ही बाजूंची महाविद्यालये हाताशी आहेत, त्यामुळे केवळ घराजवळ आहे म्हणून नको ती विषयजोडी पत्करण्याचे कारण नाही.

सावधान: वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत शिकवला जातो तो वाचा-श्रवण चिकित्सेचा अभ्यासक्रम, म्हणजे उपचाराचा व्यवसाय. तो उत्तम आहे, पण ते भाषाविज्ञान नव्हे, आणि एम.ए. भाषाविज्ञान केल्याने वाचा-चिकित्सक होता येत नाही. ही गल्लत दरवर्षी होते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार आता चार वर्षांची पदवी आणि त्यानंतर एका वर्षाचे एम.ए. असाही मार्ग आहे. मात्र विषय बदलून भाषाविज्ञानाकडे यायचे असेल तर तीन वर्षांची पदवी घेऊन पूर्ण दोन वर्षांचे एम.ए. करावे. एका वर्षाच्या मार्गाने येणारा विद्यार्थी पहिल्या वर्षाचे स्वनविज्ञान (ध्वनींचा अभ्यास) आणि वाक्यविचार (वाक्यरचनेचा अभ्यास) न शिकताच थेट प्रगत तासिकांना जाऊन बसतो.

पायरी ३: पदवीच्या तीन वर्षांतला सराव

क्रम महत्त्वाचा: आधी कान, मग शब्दांची फोड, मग वाक्य. बहुतेक जण वाक्यविचारातल्या झाडांसारख्या आकृत्यांनी भारावून तिथूनच सुरुवात करतात आणि पायाशिवाय इमला चढवतात.

पहिल्या वर्षी लिपी विसरायला शिका. "कमळ" मधला शेवटचा अ आपण उच्चारत नाही. श आणि ष बहुतेकांच्या तोंडी सारखेच येतात. "ऋषी" आपण रुषी म्हणतो. आंतरराष्ट्रीय स्वनलिपीची चिन्हे शिकून रोज दहा शब्द त्या लिपीत लिहावेत, आणि तेही आपण कसे बोलतो तसे, कसे बोलायला हवे तसे नव्हे. प्रात हे ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी तयार केलेले मोफत सॉफ्टवेअर उतरवून घ्या, त्यात आपला आवाज आकृतीच्या रूपाने दिसतो. "पळ" आणि "फळ" म्हणून पाहिल्यास ओठ उघडल्यानंतरचा श्वासाचा झोत पडद्यावर मोजता येतो, आणि तुमचा फ जर ओठ दातांना घासून येत असेल तर तेही तिथे उघडे पडते.

दुसऱ्या वर्षी फोड. "घोडा" ला प्रत्यय लागताना "घोड्या" का होतो, "घोड्याला" मधले "या" नेमके कशाचे, असे प्रश्न दहा नामांवर चालवा. मोरो केशव दामले यांचे १९११ सालचे मराठी व्याकरण यासाठी अजून कामाचे आहे. ठाण्यातले मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून उभे आहे. असे जुने ग्रंथ शोधायला स्टेशनवरून धावत कुठे लांब जावे लागत नाही.

तिसऱ्या वर्षी वाक्य, आणि इथे सर्वांत मोठा सापळा आहे. दहावीला गुणांसाठी पाठ केलेले तीन प्रयोग बहुतेकांना आठवतात, पण "कर्मणी प्रयोग" दिसला की ते इंग्रजीतल्या पॅसिव्हशी त्याची गाठ मारतात. "तिने पोळी खाल्ली" हा कर्मणी प्रयोग आहे, कारण क्रियापद पोळीप्रमाणे चालते. "तिने आंबा खाल्ला" म्हणताच ते बदलते. पण इथे खाणारी व्यक्ती वाक्यात ठामपणे कर्ता म्हणून उभी आहे. पॅसिव्ह हवे असेल तर "पोळी खाल्ली गेली" म्हणावे लागते. प्रवेशपरीक्षेत आणि मुलाखतीत या एका गल्लतीने मुले अडकलेली मी अनेकदा पाहिली आहेत. त्याच्या पुढचा प्रश्न स्वतःला विचारा: "तिने धडा वाचला" म्हणतो, मग "ती धडा शिकली" का? दोन्हीकडे कर्म आहे, दोन्हीकडे भूतकाळ आहे. "शिकणे" आणि "विसरणे" यांसारख्या क्रियापदांची स्वतःची यादी करा.

वाक्य नोंदवताना तीन ओळींची सवय आत्ताच लावावी: पहिलीत शब्दांची फोड, दुसरीत प्रत्येक तुकड्याची ओळख, तिसरीत अर्थ.

ति-ने पोळी खाल्ल-ी
ती-तृतीया पोळी.स्त्रीलिंग खा.भूतकाळ-स्त्रीलिंग.एकवचन
तिने पोळी खाल्ली, असा सरळ अर्थ (परभाषेत लिहिताना इथे भाषांतर)

वरच्या दोन ओळींतली जोडरेघांची संख्या शब्दाशब्दाला जुळलीच पाहिजे. जुळत नसेल तर फोड चुकलेली आहे.

तपासून पाहा: मराठी आणि इंग्रजी संज्ञांची दोन रकान्यांची वही करा. स्वनिम (अर्थात फरक पाडणारा ध्वनी) म्हणजे फोनीम, रूपिम (शब्दाचा अर्थ असलेला लहानात लहान तुकडा) म्हणजे मॉर्फीम, वाक्यविचार म्हणजे सिंटॅक्स. मराठी लेखकांतही संज्ञा एकसारख्या नाहीत, कोणी रूपिम लिहितो तर कोणी पदिम, म्हणून तिसरा रकाना त्यासाठी ठेवा. परीक्षा इंग्रजीतून असते आणि विचार मराठीतून चालतो, त्या दोहोंमध्ये ही वही लागते. स्वयम् आणि ई-पीजी पाठशाला या संकेतस्थळांवर मोफत अभ्यासक्रम आहेत, पण एका वेळी एकच घ्यावा आणि तो संपवावा.

पायरी ४: पहिले ध्वनिमुद्रण

नव्या पदवी अभ्यासक्रमात क्षेत्रप्रकल्प असतो. बहुतेक जण तो कसाबसा उरकतात. भाषाविज्ञानाकडे जाणाऱ्याने मात्र तो जपून वापरावा. नवी मुंबईत नोडच्या (नियोजित वसाहतींच्या) इमारतींमागे आगरी-कोळी गावठाणे जिवंत आहेत आणि ठाण्यातही आहेत. "गाडी" ला "गारी", "पाणी" ला "पानी", "डोळा" ला "डोला" म्हणणारी बोली तुमच्या रिक्षाच्या भाड्याएवढ्या अंतरावर आहे.

चूक कशी होते ते सांगतो. घणसोलीत एका ओट्यावर बसून आम्ही आजींना विचारले, "तुमच्यात पाण्याला काय म्हणतात?" आजी पदर सावरून स्वच्छ म्हणाल्या, "पाणी." पुढचे वीस शब्द तसेच, शाळेतल्यासारखे. तेवढ्यात नातू दारातून आत गेला आणि त्यांनी त्याला हाक मारून "पानी" आणायला सांगितले. यंत्र तेव्हा आम्ही बंद केले होते. शब्द विचारला की माणूस पाहुण्यासाठीची भाषा काढतो. लग्नातला गोंधळ, पहिल्या पावसातली मासळी, गावात पाणी भरले ते दिवस, असे काही सांगायला लावले की स्वतःची भाषा येते. शब्दांची यादी शेवटी घ्यावी.

क्रम असा ठेवावा. आधी परवानगी, आणि ध्वनिमुद्रण कशासाठी आहे हे बोलणाऱ्याच्या भाषेत समजावणे. मग जागा: पंखा बंद, दूरदर्शन बंद, ठाणे-बेलापूर रस्त्याकडची खिडकी बंद. मग एक मिनिटाचे चाचणी-मुद्रण आणि ते लगेच ऐकणे. मग मुख्य बोलणे. यंत्र निघायची वेळ झाली तरी चालूच ठेवावे. धारिका (फाइल) वेव्ह स्वरूपात, ४४.१ किलोहर्ट्झ आणि १६ बिटवर घ्यावी. व्हॉट्सॲपवरून पाठवलेला आवाज दाबून लहान केलेला असतो, त्यावर ध्वनींची मोजमापे करू नयेत.

सावधान: तुमच्या नोंदींत "अशुद्ध" हा शब्द आला तर ते पान फाडून पुन्हा लिहा. शिवाय एका घरातल्या एका व्यक्तीवरून "आगरी बोलीत असे म्हणतात" असे विधान करू नये. गाव, वय आणि शिक्षण लिहून "या व्यक्तीच्या बोलण्यात" एवढेच म्हणावे. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांच्या मराठी बोलींच्या सर्वेक्षणाची सामग्री जालावर खुली आहे, तिच्याशी आपल्या नोंदी ताडून पाहाव्यात.

पायरी ५: एम.ए. कुठे करायचे

घरी राहून करायचे असेल तर मुंबई विद्यापीठाचा भाषाविज्ञान विभाग. तो कलिना संकुलात आहे, फोर्टच्या इमारतीत नाही. ठाण्याहून मध्य रेल्वेने आणि वाशीहून हार्बरने कुर्ला गाठावे, तिथून पश्चिमेला बस किंवा रिक्षा. पुण्यात डेक्कन कॉलेज आहे, आणि नाव ऐकून डेक्कन जिमखान्यावर उतरणारे आजही भेटतात. ते येरवड्याच्या बाजूला आहे. ठाण्याहून रोज पुण्याला ये-जा करून एम.ए. होत नाही, वसतिगृहाचा विचार आधीच करावा. बाहेर दिल्लीत जवाहरलाल नेहरू विद्यापीठ आणि दिल्ली विद्यापीठ, हैदराबादेत हैदराबाद विद्यापीठ आणि इंग्रजी व परकीय भाषा विद्यापीठ ही ठिकाणे आहेत.

निवड नावावर करू नये. प्रत्येक विभागाच्या संकेतस्थळावरून दोन गोष्टी उतरवून घ्याव्यात: चारही सत्रांतल्या विषयपत्रिका आणि शिकवणाऱ्यांची संशोधनक्षेत्रे. कुणाचा भर क्षेत्रकार्यावर असतो, कुणाचा वाक्यरचनेच्या सिद्धांतावर, कुणाचा अनुवाद आणि भाषाशिक्षणावर. ज्याला बोलींवर काम करायचे आहे त्याने केवळ दिल्ली म्हणून दिल्ली गाठली तर दुसऱ्या वर्षी मार्गदर्शक मिळताना अडचण होते.

बहुतेक केंद्रीय विद्यापीठांसाठी सी.यू.ई.टी. पी.जी. ही सामाईक प्रवेशपरीक्षा असते. २०२४ आणि २०२५ मध्ये ती मार्चमध्ये सुरू झाली आणि अर्जांची मुदत हिवाळ्यातच संपली होती. म्हणजे तृतीय वर्षाच्या दिवाळीनंतर लगेच तिच्या मागे लागायचे. निकालाची वाट पाहायची नसते, शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी अर्ज करू शकतो. ७५ प्रश्न असतात, बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीला १ गुण वजा. मुंबई विद्यापीठाच्या आणि डेक्कन कॉलेजच्या जाहिराती वेगळ्या निघतात, त्या दर आठवड्याला स्वतः पाहाव्यात. मित्राने पुढे पाठवलेल्या संदेशावर तारीख ठरवू नये.

पायरी ६: कागदपत्रे

ही पायरी कंटाळवाणी आहे, आणि बहुतेक प्रवेश हुकतात ते इथेच. गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि आईचे नाव शेवटी, आधारवर उलटे, अर्जात तिसरेच, असे नसावे. अर्ज भरण्यापूर्वी आधार, अपार आयडी (विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक) आणि क्रेडिट बँकेतले (मिळवलेल्या क्रेडिटची नोंद ठेवणाऱ्या खात्यातले) नाव जुळवून घ्यावे.

इतर मागासवर्ग आणि आर्थिक दुर्बल घटक यांचे राज्याच्या नमुन्यातले प्रमाणपत्र केंद्रीय विद्यापीठांत चालत नाही, केंद्राच्या नमुन्यातले वेगळे काढावे लागते आणि त्यावरचे आर्थिक वर्ष चालू असावे लागते. आपली जात केंद्राच्या यादीत आहे का तेही पाहावे. राज्यातले सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्गाचे आरक्षण तिथे लागू नाही.

दुसऱ्या विद्यापीठात जायचे तर स्थलांतर प्रमाणपत्र लागते. माझा अर्ज एका खिडकीवर दुसऱ्याच गठ्ठ्यात गेला आणि मी पोच घेतलेली नव्हती. अकरा दिवसांनी तो सापडला तेव्हा प्रवेशाची मुदत संपायला एक दिवस उरला होता. तेव्हापासून मी प्रत्येकाला हेच सांगतो की शिक्का आणि तारीख असलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.

पायरी ७: एम.ए.चे पहिले सत्र आणि प्रबंधिका

पहिल्या सत्रात मराठी-इंग्रजी साहित्याचे पदवीधर गडगडतात, कारण ते निबंध लिहितात. "मराठी ही समृद्ध भाषा असून" अशी सुरुवात झाली की परीक्षक पुढचे परिच्छेद चाळतो. उत्तराचा क्रम सामग्री, निरीक्षण, नियम, त्याला अपवाद आणि सुधारित नियम असा हवा. पायरी १ मधले "ताजा-ताजी-जग" आठवा. त्याच चालीने दोन्ही वर्षे लिहायचे असते.

प्रबंधिकेचा विषय दुसऱ्या सत्राच्या सुट्टीत पक्का करावा. "आगरी बोलीचा भाषावैज्ञानिक अभ्यास" हा विषय नव्हे, तो आयुष्यभराचा उद्योग आहे. "दोन गावांतल्या साठीपुढच्या बोलणाऱ्यांच्या तोंडी ड चा र कोणत्या जागी होतो आणि कोणत्या जागी होत नाही" हा विषय सहा महिन्यांत पुरा होतो.

पुढे अध्यापन किंवा संशोधन हवे असल्यास सहसा यू.जी.सी. नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा लागते. त्यात भाषाविज्ञान स्वतंत्र विषय आहे. मराठी विषयाचा अर्ज भरून बसू नये, अभ्यासक्रम वेगळा आहे. दोन पेपर मिळून १५० प्रश्न, तीन तास, आणि इथे चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, त्यामुळे सी.यू.ई.टी.च्या सवयीने प्रश्न कोरे सोडू नयेत. २०२४ पासून पीएच.डी. प्रवेशासाठीही नेटचे गुण धरले जातात. पहिला पेपर सर्व विषयांना समान असतो आणि भाषाविज्ञानाची मुले नेमकी तिथेच कमी पडतात; त्याची तयारी तिसऱ्या सत्रात, रोज कुर्ल्यापर्यंतच्या लोकलमध्येही होऊ शकते.

मार्गदर्शकांना पहिल्यांदा भेटायला जाताना विषयाचे नाव घेऊन जाऊ नये. स्वतः मुद्रित केलेली वीस वाक्ये तीन ओळींत फोडून, ज्या ठिकाणी फोड जमली नाही तिथे प्रश्नचिन्ह घालून न्यावीत, आणि पेन ड्राइव्हवर मूळ आवाज न्यावा.